अर्धा थ्रॉटल, पूर्ण पेट्रोल

(ज्यांना हेडफोन लावणं जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलणं बरंचसं तसंच ठेवलंय.)

बाइक चालवणाऱ्याला एक गोष्ट पाठ असते: स्पीड मध्यम ठेवला की ॲव्हरेज मिळतं. हाच हिशोब घेऊन कुणी देवबागला आउटबोर्ड लावलेली फायबरची होडी चालवायला बसला, तर मात्र फसतो. तिथे मध्यम स्पीडच महाग पडतो.

का, ते बघू. हळू चालणारी होडी पाणी बाजूला सारत जाते. 22 फुटी होडीला हे साधारण 6 नॉटपर्यंत, म्हणजे तासाला 11 किलोमीटरपर्यंत जमतं. त्यापुढे थ्रॉटल दिला की नाळ वर उठते, मागची बाजू खाली बसते आणि इंजिन नुसतं ओरडतं. होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत असते! तो चढ पार झाला की ती पाण्यावर आडवी होऊन घसरत जाते. याला प्लेनिंग म्हणतात. डॉल्फिन बघायला गेला असाल तर आठवा, आधी समोरचं काही दिसत नाही, मग एकदम नाळ खाली येते आणि आवाज हलका होतो. तोच तो क्षण.

आता आकडे. ढोबळ आहेत हं, तुमच्या होडीचे वेगळे निघतील. समजा 60 हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. फुल थ्रॉटलला तासाला 22 लिटर पेट्रोल आणि 28 नॉट स्पीड, म्हणजे लिटरला साधारण 2.3 किलोमीटर. थ्रॉटल कमी करून 19 नॉटवर आणलं, होडी अजून प्लेनवरच आहे, तर तासाला 11 लिटर. लिटरला 3.2 किलोमीटर. आणखी वाचवू म्हणून 10 नॉटवर आणलं तर? ती पुन्हा त्या चढावर अडकते. तासाला 8 लिटर जातं, ऐकायला कमी वाटतं, पण लिटरला पुन्हा 2.3 किलोमीटरच. म्हणजे पेट्रोल फुल थ्रॉटलइतकंच, आणि वेळ जवळजवळ तिप्पट.

म्हणून तासाला किती लिटर हे विचारूच नका. किलोमीटरला किती, ते विचारा.

लांब, अरुंद होडीला 9.9चं छोटं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. ती बहुतेक वेळा प्लेनवर येतच नाही. तिथे शेवटचा एक नॉट मिळवायच्या नादात पेट्रोल उडतं, तेवढा सोडून द्यायचा. आणि जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक असेल तर काही पेट्रोल न जळताच बाहेर जातं, त्याला थ्रॉटल तरी काय करणार?

पण माझी खरी काळजी पैशाची नाहीये. सकाळी समुद्र तेलासारखा शांत असतो. 19 नॉटने गेलात, 24 किलोमीटरच्या फेरीला साडेसात लिटर लागेल असा हिशोब केलात आणि टाकीत 9 लिटर घातलंत. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो, लाटा वाढतात. आता प्लेनवर राहिलात तर होडी आपटते आणि बसलेल्यांच्या कंबरा मोडतात. नाइलाजाने 10 नॉटवर येता. परतीच्या 12 किलोमीटरला पावणेचारऐवजी सव्वापाच लिटर लागतं. दोन्ही मिळून नऊ झाले की! टाकी रिकामी, आणि समोर कर्ली नदीचं मुख, जिथे लाटा फुटतात. इंजिन तिथेच बंद पडलं तर होडी आडवी होते.

म्हणून जगभरचे होडीवाले तिसऱ्या हिश्श्याचा नियम पाळतात: एक हिस्सा जायला, एक यायला, एक हात न लावता शिल्लक.

तुमच्या होडीचा खरा आकडा काढायला फोनचा जीपीएस पुरतो. टाकी काठोकाठ भरा, नेहमीइतकी माणसं बसवा, एकाच स्पीडने अर्धा तास जा आणि त्याच स्पीडने परत या. दोन्ही बाजूंनी जायचंच, कारण खाडीतली भरती-ओहोटी जीपीएसचा स्पीड फुगवते किंवा खाते. मग पुन्हा भरा, किती लिटर बसलं ते लिहा. वेगवेगळ्या तीन स्पीडला हे करा आणि कागद इंजिनजवळ चिकटवून ठेवा. प्लास्टिकमध्ये घालून, नाहीतर दुसऱ्या दिवशी लगदा.