उपवास : घड्याळाचा आणि मनाचा

भारतीय माणसाला उपवास नवा नाही. एकादशी, संकष्टी, महाशिवरात्र, नवरात्र अशा अनेक तिथींना घरोघरी उपवास केले जातात. चातुर्मासात कोणी एकभुक्त राहतात, म्हणजे दिवसातून एकदाच जेवतात. रमजानच्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत रोजे पाळले जातात, तर अनेक जैन कुटुंबांत सूर्यास्तानंतर अन्न घेतले जात नाही. 'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ 'जवळ राहणे' असा आहे. अन्नाचा त्याग हे साधन, आणि ईश्वराच्या सान्निध्यात राहणे हे साध्य, अशी त्यामागील कल्पना होती.

गेल्या काही वर्षांत याच उपवासाला एक वेगळे प्रयोजन लाभले आहे. ते म्हणजे वजन कमी करणे. इंग्रजीतून आलेल्या 'इंटरमिटंट फास्टिंग' या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मराठीत तिला 'कालबद्ध उपवास' असे म्हणता येईल. ही पद्धत नेमकी कशी आहे, तिच्यामुळे शरीरात काय घडते, आणि ती उत्साहाने सुरू करणाऱ्यांपैकी अनेकांचा निश्चय मध्येच का ढळतो, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

कालबद्ध उपवासाचे प्रकार

या पद्धतीत काय खावे यापेक्षा केव्हा खावे याला अधिक महत्त्व असते. तिचे तीन प्रकार विशेष प्रचलित आहेत. पहिल्या प्रकारात दिवसाचे सर्व खाणे आठ ते दहा तासांत आटोपले जाते आणि उरलेला वेळ केवळ पाण्यावर काढला जातो. दुसऱ्या प्रकारात आठवड्यातील पाच दिवस नेहमीचा आहार आणि दोन दिवस अत्यल्प आहार घेतला जातो. ब्रिटनमधील पत्रकार मायकेल मोझली यांच्या २०१२ सालच्या बीबीसी माहितीपटानंतर हा प्रकार जगभर लोकप्रिय झाला. तिसऱ्या प्रकारात एक दिवसाआड उपवास केला जातो.

महाराष्ट्रात या विचाराला स्वतंत्र वाट मिळाली. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार यांनी दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा विचार आपल्या व्याख्यानांतून मांडला. २००४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याचा मोठ्या प्रमाणावर प्रसार केला. कडक भूक लागेल तेव्हाच, दिवसातून दोनदा जेवावे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवावे आणि मधल्या वेळेत काही खाऊ नये, असे त्यांच्या पद्धतीचे थोडक्यात स्वरूप आहे.

शरीरात काय घडते?

जेवणानंतर अन्नातील साखर रक्तात मिसळते आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन हे संप्रेरक स्रवते. त्याच्या साहाय्याने शरीर ही साखर वापरते. उरलेली साखर यकृतात आणि स्नायूंत 'ग्लायकोजेन' या रूपाने साठवली जाते. त्याहूनही जास्त झालेली ऊर्जा चरबीच्या रूपात साठते. काही तास अन्न मिळाले नाही, की इन्सुलिनची पातळी उतरते व शरीर प्रथम यकृतातील साठा वापरू लागते. हा साठा सुमारे १०० ग्रॅम इतकाच असतो. तो कमी होऊ लागला, म्हणजे साधारण बारा तासांनंतर, चरबीचा वापर वाढू लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उपवासात वापरली गेलेली चरबी पुढच्या भरगच्च जेवणाने पुन्हा साठू शकते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण याच अनुभवातून जन्माला आली आहे. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे वेफर, शेंगदाण्याचे लाडू हे पदार्थ धर्मशास्त्राला चालत असले, तरी शरीराचा हिशेब वेगळा असतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांतून साडेपाचशेहून अधिक कॅलरी मिळतात. खाण्याचे तास कमी झाल्यामुळे एकूण खाणे कमी झाले, तरच वजन उतरते.

संशोधनाचा निष्कर्ष

संशोधनातूनही हेच दिसून आले आहे. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण करण्यात आले. काही जणांनी दिवसाआड उपवास केला, काहींनी रोज थोडे कमी खाल्ले. वर्षाअखेर दोन्ही गटांत वजनाची घट जवळपास सारखीच आढळली. मात्र दिवसाआड उपवास करणाऱ्यांपैकी ३८ टक्के लोकांनी अभ्यास अर्ध्यावर सोडला. रोज थोडे कमी खाणाऱ्यांत हे प्रमाण २९ टक्के होते. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथील अभ्यासात १३९ स्थूल व्यक्तींना मर्यादित कॅलरींचा आहार देण्यात आला. त्यांतील एका गटाने तो सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच घेतला. वर्षभरात त्या गटाचे वजन सरासरी आठ किलो आणि दुसऱ्या गटाचे सुमारे सव्वासहा किलो कमी झाले. हा फरक निर्णायक मानण्याइतका मोठा नव्हता.

तात्पर्य, कालबद्ध उपवासात जादू नाही. खाण्याला कुंपण घालण्याचा तो एक सोपा मार्ग आहे. ज्याला ताटातील प्रत्येक घास मोजणे जमत नाही, त्याला घड्याळ पाहणे जमू शकते. जी पद्धत ज्याला दीर्घकाळ पाळता येईल, ती त्याच्यासाठी योग्य होय.

निश्चय का ढळतो?

पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरते आणि मन आनंदून जाते. परंतु ती घट बरीचशी पाण्याची असते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीरात सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेले असते. साठा वापरला गेला की ते पाणीही निघून जाते. त्यानंतर चरबी कमी होण्याचा वेग स्वभावतःच मंद असतो. हे ठाऊक नसलेल्या माणसाला आपले प्रयत्न वाया गेले असे वाटते आणि तो निराश होतो.

दुसरे कारण 'सर्व किंवा काहीच नाही' या वृत्तीत आहे. लग्नसमारंभात एक पेढा खाल्ला जातो, आणि 'आता नियम मोडलाच आहे' असे म्हणून पुढचे चार दिवस सोडून दिले जातात. तिसरे कारण परिस्थितीचे. घरातील सर्वांसाठी स्वयंपाक करणारी गृहिणी, रात्रपाळीचा पहारेकरी, दिवसभर गिऱ्हाइकांबरोबर चहा घेणारा दुकानदार, यांना दुसऱ्याने ठरवलेले वेळापत्रक पाळणे कठीण जाते.

मग एकादशीचा उपवास वर्षानुवर्षे कसा पाळला जातो? तो पाळणारा प्रत्येक जण विलक्षण मनोबलाचा असतो असे नाही. त्या उपवासाची तिथी पंचांगात आधीच ठरलेली असते. त्या दिवशी घरातील स्वयंपाकच वेगळा होतो, शेजारीपाजारीही उपवासाला असतात, आणि उपवास कशासाठी हे प्रत्येकाला ठाऊक असते. रमजानमध्येही इफ्तारची वेळ सर्वांची एकच असते. निश्चयाचे ओझे एकट्याच्या मनावर पडत नाही. वजनासाठी केलेल्या उपवासाला हा आधार आयता मिळत नाही. म्हणूनच तो जाणीवपूर्वक उभा करावा लागतो.

निश्चय टिकवण्याचे मार्ग

प्रथम, वेळ आपल्या जीवनक्रमाला साजेशी निवडावी. कुटुंबाबरोबर रात्रीचे जेवण हा ज्या घरातील एकमेव निवांत क्षण आहे, तेथे ते जेवण सोडण्यापेक्षा सकाळचे खाणे उशिरा घेणे अधिक व्यवहार्य ठरेल. आरंभी रात्री आठ ते सकाळी आठ असा बारा तासांचाच नियम करावा आणि तो अंगवळणी पडल्यावर हळूहळू वाढवावा.

दुसरे, अडचणीचा प्रसंग येण्यापूर्वीच उत्तर ठरवून ठेवावे. 'कोणाकडे चहा पुढे आला, तर बिनसाखरेचा कोरा चहा मागायचा' असे 'जर-तर' रूपातील संकल्प नुसत्या 'मी कमी खाईन' या संकल्पापेक्षा अधिक पाळले जातात, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे.

तिसरे, घरच्यांना विश्वासात घ्यावे. सोबतीला एखादा मित्र किंवा शेजारीण असल्यास उत्तमच. चौथे, वजन रोज न पाहता आठवड्यातून एकदा, ठरावीक दिवशी सकाळी पाहावे. कंबरेचे मापही वहीत नोंदवावे. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली, गुडघेदुखी उतरली, हीदेखील प्रगतीच आहे.

पाचवे, एका दिवसाच्या चुकीला पराभव मानू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील ९६ व्यक्तींच्या अभ्यासात नवी सवय जडण्यास साधारणपणे ६६ दिवस लागल्याचे दिसले. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाच्या बाबतीत हा काळ अडीचशे दिवसांच्या पुढे गेला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या क्रियेत फारशी बाधा आली नाही. दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा सुरू होणे महत्त्वाचे.

खाण्याच्या वेळेत डाळी, उसळी, दही, अंडी असे प्रथिनयुक्त पदार्थ आणि भरपूर भाज्या असाव्यात, अन्यथा चरबीबरोबर स्नायूही झिजतात. उपवासाच्या काळात पाणी मात्र पुरेसे प्यावे.

हा उपवास कोणासाठी नाही?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) भारतातील सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुष यांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. त्याच सर्वेक्षणात सुमारे १९ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष कृश असल्याचेही दिसून आले. घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले खाणाऱ्या स्त्रीला आणखी एका उपवासाची नव्हे, तर पोटभर सकस जेवणाची गरज असते.

म्हणून प्रथम आपले वजन खरोखर जास्त आहे का, हे पाहावे. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता देहवस्तुमान निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, उंची १.६० मीटर आणि वजन ६४ किलो असल्यास तो २५ येतो. भारतीयांसाठी २३ व त्यापुढील निर्देशांक जास्त मानला जातो. १८.५ पेक्षा कमी निर्देशांक असलेल्यांनी वजन घटवण्याचा विचारही करू नये. गर्भवती व स्तनदा माता आणि वाढत्या वयाची मुले-मुली यांनी हा उपवास टाळावा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तो करू नये. त्यांच्या रक्तातील साखर एकाएकी घसरून जीवावर बेतू शकते. उपवासात घाम फुटणे, हात थरथरणे, चक्कर येणे अशी लक्षणे दिसताच उपवास सोडून काहीतरी गोड खावे.

शरीर हे वैरी नव्हे की त्याला उपाशी ठेवून नमवावे. त्याची गरज ओळखून त्याला शिस्त लावणे, हा संयमाचा खरा अर्थ होय. घड्याळ केवळ वेळ दाखवते. तो नियम कशासाठी पाळायचा, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

स्वाध्याय

१. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' या म्हणीचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.

२. पहिल्या आठवड्यात वजन वेगाने कमी होते, याचे कारण लिहा.

३. धार्मिक उपवास टिकण्यास कोणत्या गोष्टी साहाय्यभूत होतात?

४. तुमच्या दिनक्रमातील एखादी अडचण निवडा आणि तिच्यासाठी 'जर-तर' स्वरूपाचा संकल्प तुमच्या शब्दांत लिहा.