तारेपासून पत्त्यापर्यंत

जुन्या संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली, की घरच्या घरी एक छोटा सर्व्हर तयार होतो. छायाचित्रे, टिपणे, प्रकल्पांच्या फायली त्यावर साठवता येतात आणि घरातल्या इतर संगणकांवरून पाहता येतात. हा सर्व्हर एके दिवशी अचानक ‘दिसेनासा’ झाला तर? पुष्कळ जण घाईने कार्यप्रणालीच पुन्हा बसवतात. त्यात साठवलेली माहिती पुसली जाण्याचा धोका असतो. शिवाय दोष तारेत असेल, तर तो तसाच राहतो! म्हणून सर्व्हरला मॉनिटर व कीबोर्ड जोडावा आणि तपासणी खालून वर, एकेका पायरीने करावी.

पहिली पायरी तारेची. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीला पीळ दिलेला असतो. हा पीळ कशासाठी? जोडीतील दोन तारांवर समान पण विरुद्ध विद्युतदाबाचे संदेश धाडले जातात. बाहेरून आलेला व्यत्यय मात्र पिळामुळे दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. ग्राहक-यंत्र दोन्हींमधील फरक मोजते. वजाबाकीत व्यत्यय नाहीसा होतो, संदेश उरतो! अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी 1881 मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले, ते टेलिफोनसाठी.

आता ‘आयपी लिंक’ ही आज्ञा द्या. ‘नो-कॅरियर’ असे उत्तर आले, तर पलीकडून संकेतच येत नाही असे समजावे. केबल, तिची टोके आणि राउटरचे छिद्र तपासा. दुसरी केबल लावून पाहा. जोडणी आहे पण संथ आहे, असे असेल तर ‘ईथटूल’ ही आज्ञा वेग सांगते. सेकंदाला 10 कोटी बिट या वेगाला नारिंगी व हिरवी अशा दोनच जोड्या पुरतात. 100 कोटींच्या वेगाला मात्र चारही लागतात. दोन्ही टोकांची यंत्रे 100 कोटींची असून वेग 10 कोटींवरच अडला असेल, तर संशय कोणावर घ्याल? बरोबर, निळ्या किंवा तपकिरी जोडीवर!

दुसरी पायरी नावाची. लिनक्स नेटवर्क कार्डाला बहुधा त्याच्या जागेवरून नाव देते. संगणकात एखादे नवे कार्ड बसवले, की जागांचे क्रमांक सरकू शकतात आणि ‘ईएनपी3एस0’चे ‘ईएनपी4एस0’ होते. जोडणीच्या फायलीत मात्र जुनेच नाव राहते. तार उत्तम, कार्ड उत्तम, तरीही जोडणी नाही! फायलीतील नाव सुधारून सेवा पुन्हा सुरू केली, की काम होते.

तिसरी पायरी पत्त्याची. ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा द्या. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळाला नाही आणि यंत्राने तो स्वतःच घेतला, असा त्याचा अर्थ. पत्ता ठीक असेल, तर ‘पिंग’ने राउटरला हाक मारा. राउटर उत्तर देतो, बाहेरचा आकडी पत्ताही उत्तर देतो, पण संकेतस्थळाचे नाव चालत नाही, असे झाले तर नावाचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेची नोंद चुकली आहे. प्रत्येक उत्तराबरोबर संशयाचे क्षेत्र लहान होत जाते, हे ध्यानात आले ना?

करून पाहा : टाकाऊ केबलचा वीतभर तुकडा घ्या. तो कशालाही जोडलेला नाही याची खात्री करून वरचे आवरण सोला. चारही जोड्यांचे पीळ मोजा. ते सारखे भरणार नाहीत. शेजारच्या जोड्यांचे पीळ सारखे असते, तर काय झाले असते? विचार करा आणि वर्गात चर्चा करा.