जी सीडी डाऊनलोड करून चालत नाही

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन.

गाणं म्हणजे एक फाईल, याची आपल्याला सवय झालीये. कॉपी करा, पाठवा. मूळ आणि नक्कल यांत काडीचाही फरक नाही. आज मात्र अशा सीडीबद्दल बोलू, जिची नक्कल केली की तिचं मुख्य कामच संपतं. ती म्हणजे जुने सीडी प्लेअर तपासायची टेस्ट डिस्क.

आधी प्लेअर नेमकं काय करतो ते बघू. सोनीचा सीडीपी-१०१ हा प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. तेव्हापासून तत्त्व तेच आहे. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच लांबलचक सर्पिल रेघ असते, तिच्यात सूक्ष्म खळगे असतात आणि लेझर ते वाचतो. रेघेच्या लगतच्या दोन वेढ्यांमधलं अंतर फक्त १.६ मायक्रॉन. आता गंमत बघा. ही रेघ मधल्या भोकाच्या केंद्रापासून ७० मायक्रॉन सरकलेली असली, तरी सीडी नियमात बसते! म्हणजे दर फेरीला रेघ चाळीसेक वेढ्यांइतकी इकडे, तितकीच तिकडे डोलते. वर डिस्क वरखालीही हलते. भिंग सतत तिच्यामागे धावत असतं. हे धावणं सांभाळणारी यंत्रणा म्हणजे सर्व्हो.

जुन्या प्लेअरच्या बोर्डावर फोकस, ट्रॅकिंग वगैरे जुळवायला छोटे प्रीसेट असतात, स्क्रूड्रायव्हरने फिरवायचे. वर्षं जातात, लेझर मंदावतो, ग्रीस सुकतं आणि जुळवलेलं सगळं हळूहळू बिघडतं. मग गाणं मध्येच अडकतं. दोष कुणाचा? सीडीचा की प्लेअरचा?

साध्या सीडीवरून हे ठरवणं अवघड. एक तर ती सीडी स्वतः किती चांगली आहे, हेच आपल्याला ठाऊक नसतं. दुसरं म्हणजे सीडीत चुका दुरुस्त करायची सोय आहे. रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही, तरी तिथली माहिती पूर्ण भरून काढता येते. त्यामुळे प्लेअर आतून धापा टाकत असला, तरी आपल्याला आवाज स्वच्छच ऐकू येतो. आजार लपून राहतो.

तराजू खरा की खोटा, हे बटाटे तोलून कळत नाही. त्याला शिक्क्याचं वजनच लागतं. टेस्ट डिस्क म्हणजे ते वजन. सोनीच्या कित्येक सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तपासणीसाठी वायईडीएस-१८ ही डिस्क लावायला सांगितलेलं असतं. ती लावायची, ऑसिलोस्कोप जोडायचा आणि लेझरकडून येणारा सिग्नल बघायचा. पडद्यावर ओळीने शंकरपाळ्यांसारखे आकार दिसतात, याला आय पॅटर्न म्हणतात. शंकरपाळ्या रेखीव असल्या तर ठीक. धूसर दिसल्या, तर फोकस किंवा दुसरं काहीतरी बिघडलंय.

फिलिप्सची तर जोडीच होती, ५ आणि ५ए. पहिली निर्दोष. दुसरीत दोष मुद्दाम घातलेले: मध्येच तुटणारा सिग्नल, काळे ठिपके, बोटांच्या ठशांसारखे डाग. पहिली नीट वाजली आणि दुसरीवर प्लेअर अडखळला, तर समजायचं की त्याला दोष झेलता येत नाहीयेत.

मग हीच डिस्क रिप करून सीडी-आरवर राइट केली तर? इथेच खरी मेख आहे. डिस्कवर एक किलोहर्ट्झचा सूर असतो, शांततेचा ट्रॅक असतो. हा झाला डेटा. तो कॉपी होतो, आणि आवाजाचा भाग तपासायला तशी नक्कल चालते. पण काळा ठिपका हा डेटा नाही, तो त्या वस्तूवरचा डाग आहे. कॉपी करताना कॉम्प्युटरचा ड्राइव्ह ठिपक्याखालची माहिती भरून काढायला बघतो, आणि ठिपका मागेच राहतो. नक्कल मुळापेक्षा चांगली निघते, म्हणूनच निरुपयोगी ठरते! शिवाय सीडी-आरमध्ये खळग्यांऐवजी रंगद्रव्याचा थर असतो, त्यामुळे प्रकाश वेगळ्या तऱ्हेने परत येतो. तिच्यावर प्लेअर जुळवला, तर छापील सीडी नीट वाजेलच असं नाही.

या डिस्क दुकानात विकायला नव्हत्याच, दुरुस्ती करणाऱ्यांसाठी होत्या. म्हणून आज त्या दुर्मिळ आहेत. आणि डिस्क नाही म्हणून अंदाजाने प्रीसेट फिरवले, तर नुकसान मोठं होतं. लेझरची ताकद वाढवली की गाणं काही दिवस छान वाजतं, पण लेझर लवकर मरतो. कित्येक जुन्या मॉडेलचे नवे लेझर आता बनत नाहीत. तिथे प्लेअर संपला.

घरी जुना प्लेअर असेल तर एवढं करा. आधी भिंग अलगद पुसा, सुकलेलं ग्रीस बदला. पुष्कळदा एवढ्यावरच काम भागतं. चांगली छापील, ओरखडे नसलेली एक सीडी फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवा. प्रीसेटला हात लावण्याआधी त्याची जागा मार्करने खूण करून फोटो काढा. आणि चालू लेझरकडे चुकूनही बघू नका. त्याचा ७८० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

ओळखीच्या एखाद्या जुन्या मेकॅनिककडे अशी डिस्क धूळ खात पडली असेल, तर त्यांना सांगा, भंगारात देऊ नका. तिच्यावरचे सूर फाईलमध्ये वाचवता येतील. तिचे डाग नाही येणार.

भेटू पुढच्या भागात!