एक वाचणार, घर ऐकणार

नारायण पेठेतली हुजूरपागा आणि केसरीवाडा यांच्यात चालत दहा मिनिटांचंही अंतर नाही. १८८४ साली ही मुलींची शाळा निघाली तेव्हा तिच्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पाच या वेळेवर टिळकांनी कडाडून टीका केली. पुढे १९०५ साली त्यांनी गायकवाडवाडा, म्हणजे आजचा केसरीवाडा, विकत घेतला आणि त्यांचं वर्तमानपत्र 'केसरी' याच पेठेत येऊन राहिलं. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीतलं पुण्याचं वाचन या दोन टोकांमध्ये सापडतं: एकीकडे मुलीच्या हातातलं पुस्तक, दुसरीकडे चारचौघांत मोठ्यानं वाचलं जाणारं वर्तमानपत्र.

१९०१ च्या शिरगणतीत देशभरात शंभरातल्या पाच-सहा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये हे प्रमाण हजारी सहाच्या आसपास होतं. हे आकडे पाहून 'वाचणारे होतेच किती!' असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही. त्या काळी पुस्तक जितकं डोळ्यांनी वाचलं जाई, त्याहून अधिक कानांनी ऐकलं जाई. वाचकांचा हिशोब करताना ऐकणाऱ्यांना वगळलं, तर निम्म्याहून अधिक घर बाहेरच राहतं.

ही सवय पोथीनं लावली होती. चातुर्मासात संध्याकाळी माजघरात पोथी सोडली जाई. रुमालाची गाठ सुटे, लांबट सुटी पानं पाटावर येत, वाचून झालेलं पान पालथं पडे. श्रीधराचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लागलेला असे. वाती वळता वळता बायका ऐकत. अक्षरओळख नसलेल्या आजीला अध्यायच्या अध्याय तोंडपाठ असत आणि वाचणाऱ्या नातवाची ओवी अडखळली की ती तिथल्या तिथे सुधारे. तिला निरक्षर म्हणताना माझी जीभ अडते.

इंग्लंडातही तेव्हा फार वेगळं नव्हतं. १८३६ पासून डिकन्सच्या 'पिकविक'चे महिन्याचे भाग शिलिंगाला विकले जात आणि घरातला एकजण शेकोटीशी बसून ते सर्वांना वाचून दाखवी. तीन खंडांची कादंबरी सामान्य माणसाला परवडत नसे, म्हणून मूडीच्या वर्गणी-वाचनालयावर सगळी मदार असे. पुण्यात फरक पडला तो एवढाच की आपल्याकडे ऐकण्याची बैठक आधीच तयार होती. कादंबरी आली ती पोथीच्या जागेवर येऊन बसली.

हरि नारायण आपट्यांनी हे नेमकं ओळखलं. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांचा तेव्हा शिकलेल्या तरुणांवर भारी पगडा होता. आपट्यांची 'मधली स्थिती' ही 'पुणे वैभव'मध्ये १८८५ साली सुरू झालेली पहिली कादंबरीही त्याच प्रभावातून आली. पण १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं, ते घरातल्या सर्वांपुढे वाचता येईल असं. त्यातच 'पण लक्षांत कोण घेतो' क्रमशः आली, आणि ती तिची नायिका यमू स्वतः सांगते. जरा डोळ्यांपुढे आणा: अंक हातात घेऊन वाचणारा बहुतेक घरी पुरुष, म्हणजे नवरा, दीर किंवा मोठा मुलगा. त्याला मोठ्यानं 'मी' म्हणायचं ते एका छळल्या गेलेल्या विधवेच्या तोंडून. ऐकणाऱ्यांत आलवण नेसलेली एखादी आत्या दाराआड बसलेली. पुढचा भाग आठवड्यानं येणार, म्हणजे मधले दिवस त्या घरात यमूबद्दल काहीतरी बोललं जाणारच. एकट्यानं मनात वाचलेल्या कादंबरीला हे बळ आलं नसतं.

स्वतः वाचू लागलेल्या बाईला मात्र फार किंमत मोजावी लागली. रमाबाई रानडे १८७३ साली लग्न होऊन पुण्यात आल्या आणि पती माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतलं. 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हे त्यांचं पुस्तक १९१० सालचं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे त्यांनी त्यात फारसा कडवटपणा न ठेवता सांगितले आहेत. पोथी ऐकणारी सून चाले, इंग्रजी वाचणारी खुपे. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारं इंग्रजी भाषण त्यांनी गव्हर्नरासमोर वाचलं, त्या दिवशी घरी काय झालं ते मुळातून वाचावं. सुनेनं मोठ्यानं वाचलं खरं, पण चारचौघांत आणि परक्या भाषेत, हे त्या घराला सोसवलं नाही. माधवरावांची दृष्टी अधू असल्यानं त्यांना वाचून दाखवणारं माणूस लागे, आणि त्या कामातही रमाबाई होत्या. शिकणारी वाचून दाखवणारी झाली, हा मला त्या घरातला सर्वांत मोठा बदल वाटतो.

सार्वजनिक जागा थोड्याच होत्या. लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८ साली निघालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी म्हणजेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. बुधवारवाड्याला १८७९ साली आग लागली त्यात त्याचे ग्रंथही गेले, आणि संस्था पुन्हा उभी करावी लागली. पण ही वाचनसंस्कृती मुख्यतः पेठांतल्या पांढरपेशांची होती, हे स्पष्ट सांगायला हवं. जोतीराव फुल्यांनी १८८५ च्या ग्रंथकार सभेला यायला नकार दिला. जे शूद्रातिशूद्रांचे हक्क मनापासून मानत नाहीत त्यांच्या ग्रंथांशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. शिवाजी महाराजांवर १८६९ साली त्यांनी लिहिला तो पोवाडा, म्हणजे ऐकण्याचाच प्रकार. ज्यांना अक्षरापासून दूर ठेवलं त्यांच्यापर्यंत कानानंच पोहोचता येईल, हे त्यांच्याइतकं कुणाला कळलं असणार?

वाचण्या-ऐकण्याची ही साखळी गावांकडे टपालानं नेली. व्ही. पी. नं, म्हणजे पोचल्यावर पैसे भरून, पुस्तक घरपोच येण्याची सोय १८७७ साली झाली. धोंडो केशव कर्वे मुरुडला शाळेत असताना देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत. 'केसरी'चा एक अंक गावात आला की तो असाच वाचला जाई. वर्गणीदारांच्या यादीत नाव एकाचं, आणि वाचनाला गाव. लेखकांवरही याचा परिणाम झाला असणार. टिळकांचे अग्रलेख मोठ्यानं वाचून पाहा, वाक्य कुठे थांबायचं ते श्वास सांगतो.

'केसरी'च्या जुन्या फायली केसरीवाड्यातल्या ग्रंथशाळेत आहेत. कुणी काय लिहिलं ते तिथे मिळतं, पण कुणी काय ऐकलं ते मिळत नाही. ते शोधायचं तर रमाबाईंच्या आठवणी, कर्व्यांचं आत्मवृत्त, वाचनालयांच्या देवघेवीच्या वह्या आणि घरोघरच्या जुन्या रोजनिशा एकत्र वाचाव्या लागतील. पेठांमधले वाडे पाडले जात आहेत आणि माळ्यावरची कागदपत्रं रद्दीत चालली आहेत. या कामाला हुजूरपागेतल्या आणि आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलींनी हात घातला, तर अजून बरंच हाती लागेल.