वाचनालय फोनवर न्यायचं, तर सुरुवात कुठून?

मुंबई-गोवा महामार्गावरून अलिबागला वळायचं ते वडखळ नाक्यावर. नाक्याभोवतीच्या गावांत घरी आगरी बोलणारी आणि शाळेत प्रमाण मराठी वाचणारी मुलं आहेत. वाड्यांवर कातकरी मुलं आहेत. डोलवीच्या पोलाद कारखान्यामुळे बाहेरून आलेल्या कामगारांची, घरी हिंदी किंवा दुसरीच भाषा बोलणारी मुलं आहेत. काही मुलं पेणला इंग्रजी माध्यमात जातात. गावातल्या छोट्या वाचनालयाचं एक कपाट या सगळ्यांना पुरणार नाही. फोनवर मात्र आज प्रत्येकासाठी काही ना काही आहे, तेही फुकट. फक्त ते निवडून हातात देणारं कुणीतरी हवं, आणि ग्रंथपालाचं काम पहिल्यापासून तेच आहे. अशी सेवा कशी उभी करायची, ते एकेक पायरीने पाहू.

पहिली पायरी : वही

अॅप उघडण्याआधी वही उघडावी. प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी लिहायच्या : घरची भाषा, शाळेचं माध्यम, वाचन कितपत सफाईदार, आणि फोन घरी किती वाजता असतो. इयत्तेवर विसंबू नये. पाचवीतलं मूल जोडाक्षराला अडखळत असेल, तर त्याला दुसरीच्या पातळीची गोष्ट द्यावी. घरात एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो, म्हणून सकाळी पाठवलेली गोष्ट मुलाच्या हाती रात्रीच पडते. कातकरी कुटुंबांबाबत आणखी एक रकाना लागतो. पावसाळा सरला की यांतली अनेक कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर जातात, ती पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. वाचनालयाचं पुस्तक तिकडे सहसा जात नाही, पण फोन जातो. म्हणून निघण्याआधीच त्यांच्या फोनमध्ये दहा-बारा गोष्टी भरून द्याव्यात, म्हणजे तिथे रेंज नसली तरी अडत नाही.

दुसरी पायरी : साठा

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ २०१५ पासून आहे. त्यावर तीनशेहून अधिक भाषांतल्या चित्रगोष्टी आहेत आणि वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या आहेत. एकच गोष्ट मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सापडू शकते. त्यामुळे तीन घरांतली तीन मुलं एकच गोष्ट वाचून एकमेकांशी बोलू शकतात. केंद्र सरकारचं ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ पुस्तकांची मांडणी वयोगटानुसार करतं : ३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४ आणि १४ ते १८. ज्यांना डोळ्यांनी छापील मजकूर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. त्यासाठी नोंदणी करावी लागते.

तिसरी पायरी : हक्क

व्हॉट्सअॅपवर फिरणारी पुस्तकाची पीडीएफ वाचनालयाने पुढे ढकलू नये. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे ‘श्यामची आई’चा मूळ मजकूर आता सर्वांसाठी खुला आहे. भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. ‘फास्टर फेणे’ २०६१ संपेपर्यंत हक्काधीन राहणार. तो हवा असेल तर छापील प्रत घ्यावी. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी खुल्या परवान्याच्या आहेत. लेखक, चित्रकार आणि मूळ स्रोत यांचा उल्लेख ठेवला, की त्या वाटता येतात, छापता येतात, बदलताही येतात.

चौथी पायरी : फाइल तपासणं

ही पायरी बहुतेक जण गाळतात. फोन मजकूर मोठ्याने वाचून दाखवू शकतो. अंध मुलाला आणि नुकत्याच वाचायला लागलेल्या मुलालाही त्याचा उपयोग होतो. पण पान नुसतं स्कॅन केलेलं असेल, तर फोनच्या लेखी ते एक चित्र असतं. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये असेल तर डोळ्यांना अक्षरं ठीक दिसतात, पण फोन भलतंच बरळतो. तपासायला अर्धं मिनिट पुरतं. एक ओळ निवडा, कॉपी करा, व्हॉट्सअॅपच्या चौकटीत चिकटवा. तीच ओळ उमटली तर फाइल चांगली. काहीच निवडलं गेलं नाही तर ते चित्र आहे. इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा आला तर फाँट जुना आहे. अशा वेळी दुसरी प्रत शोधावी, नाहीतर कुणाच्या तरी आवाजात गोष्ट ध्वनिमुद्रित करून घ्यावी.

पाचवी पायरी : आपली बोली

आगरी किंवा कातकरीत गोष्ट मिळाली नाही, तर करता येते. स्टोरीवीव्हरवरची चार-सहा ओळींची, मोठ्या चित्रांची गोष्ट निवडा. वाडीवरच्या एखाद्या आजीला एकेक चित्र दाखवून तिच्या भाषेत सांगायला लावा आणि फोनवर मुद्रित करा. मुलांनी ते ऐकून पानाखाली देवनागरीत लिहायचं. एका शब्दाची दोन रूपं आली तर वाद मुलांनाच मिटवू द्या; भाषा त्यांची आहे. परवाना खुला असल्याने ही नवी आवृत्ती पुढच्या गावालाही देता येते.

सहावी पायरी : पाठवणं

मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप करू नका, त्यात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ वापरा. एका यादीत २५६ जण बसतात आणि कुणाला कुणाचा नंबर कळत नाही. मात्र ज्यांनी वाचनालयाचा नंबर फोनमध्ये जतन केला आहे, त्यांनाच निरोप पोहोचतो. भाषेप्रमाणे आणि पातळीप्रमाणे वेगळ्या याद्या कराव्यात. नंबर घेताना पालकांची संमती घ्यावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे, आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे. जे विचारायची गरज नाही, ते विचारूच नये.

आठवड्याला एकच गोष्ट पाठवावी, संध्याकाळी, आणि सोबत उत्तर द्यावंसं वाटेल असा एक प्रश्न. किती जणांनी ती उघडली, हे मोजत बसण्यात हशील नाही. ‘अजून आहे का?’ असं कुणी विचारलं, ते वहीत त्या मुलाच्या नावापुढे लिहून ठेवा. वर्षाची पुस्तकखरेदी ठरवताना प्रकाशकांच्या याद्यांआधी ही वही काढावी. कपाटात पुढचं पुस्तक कोणतं यायला हवं, ते त्यात लिहिलेलं असेल.