ब्रिज स्वरूपातील घरगुती राउटरवरील ट्रॅफिक शेपिंग

ट्रॅफिक शेपिंग म्हणजे संगणकजालातून जाणाऱ्या पॅकेटांचा वेग आणि क्रम हेतुपुरस्सर नियंत्रित करण्याची पद्धत होय. घरगुती इंटरनेट जोडणीत हे काम सहसा राउटर करतो. राउटर ब्रिज स्वरूपात चालवला, म्हणजे आयपी पत्ते न बदलता केवळ एका बाजूच्या फ्रेम दुसऱ्या बाजूला पोहोचवणारा सेतू म्हणून वापरला, तरीही शेपिंग करता येते. मात्र त्याचे यश दोन गोष्टींवर अवलंबून असते : पॅकेटांची रांग कोणत्या उपकरणात साचते आणि पॅकेटे प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने जातात.

पार्श्वभूमी

१९८६ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली यांच्यातील जोडणीचा वेग ३२ किलोबिट प्रतिसेकंदावरून ४० बिट प्रतिसेकंदापर्यंत घसरला. दोन्ही ठिकाणांमधील अंतर जेमतेम ४०० यार्ड होते. या कोंडीच्या अभ्यासातून व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये टीसीपीसाठी कोंडी टाळण्याच्या पद्धती मांडल्या. पॅकेट गहाळ होणे ही कोंडीची खूण मानून पाठवणाऱ्याने वेग कमी करावा, हे त्यांतील मूळ तत्त्व होय.

पुढे स्मृती स्वस्त झाल्याने मॉडेम व राउटरमध्ये मोठे बफर बसवले जाऊ लागले. मोठा बफर पॅकेट सहसा टाकून देत नाही, रांगेत उभे करतो. त्यामुळे पाठवणाऱ्याला कोंडीची खूण उशिरा मिळते आणि रांग भरलेलीच राहते. या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस यांच्या लेखनामुळे २०१०-११ पासून हा शब्द प्रचलित झाला.

रांग आणि विलंब

उदाहरणादाखल, एका घराच्या जोडणीचा अपलोड वेग २ मेगाबिट प्रतिसेकंद आणि मॉडेममधील बफर २,५०,००० बाइटांचा आहे असे मानू. हा बफर म्हणजे २०,००,००० बिट. तो रिकामा होण्यास पूर्ण १ सेकंद लागतो. घरातील एका फोनने छायाचित्रांची प्रत दूरच्या सर्व्हरवर चढवण्यास सुरुवात केली, की हा बफर भरून जातो. त्याच वेळी दुसऱ्या खोलीतून ऑनलाइन वर्गात बोलणाऱ्या विद्यार्थ्याचा आवाज या रांगेच्या शेवटी उभा राहतो आणि एका सेकंदाने पुढे सरकतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा. त्यापुढे संभाषणाची लय बिघडू लागते.

येथे वेग कमी पडला असे दिसते. खरी अडचण प्रतीक्षेची असते. अधिक वेगाची जोडणी घेतल्यास रांग लवकर रिकामी होते, पण मोठे अपलोड तो वाढीव वेगही व्यापते व रांग पुन्हा साचते.

कार्यपद्धती

मॉडेममधील बफर बहुधा ग्राहकाच्या हातात नसतो. म्हणून शेपर आपला वेग जोडणीच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी ठेवतो. त्यामुळे रांग मॉडेममध्ये न साचता शेपरमध्ये साचते आणि तिची व्यवस्था लावता येते.

वेगमर्यादेसाठी ‘टोकन बकेट’ ही पद्धत रूढ आहे. एका काल्पनिक बादलीत ठरावीक गतीने टोकने पडत राहतात. प्रत्येक पॅकेट आपल्या आकाराइतकी टोकने खर्चून पुढे जाते आणि बादली रिकामी असल्यास थांबते. मर्यादेबाहेरचे पॅकेट थांबवून न ठेवता थेट टाकून दिल्यास त्याला ‘पोलिसिंग’ म्हणतात.

रांगेच्या व्यवस्थेसाठी कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी २०१२ मध्ये ‘कोडेल’ हा अल्गोरिदम मांडला. तो रांगेची लांबी न मोजता पॅकेटाने रांगेत घालवलेला वेळ पाहतो. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या कालखंडात सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिल्यास तो काही पॅकेटे टाकून पाठवणाऱ्याला खूण देतो. ‘एफक्यू-कोडेल’ यात भर घालून प्रत्येक प्रवाहाला स्वतंत्र रांग देतो. त्यामुळे आवाजाचे लहान पॅकेट मोठ्या अपलोडमागे अडकत नाही. वेगमर्यादा व रांगव्यवस्था एकत्र करणारा ‘केक’ हा प्रकार लिनक्सच्या ४.१९ या आवृत्तीपासून (२०१८) गाभ्यात समाविष्ट आहे. ओपनडब्ल्यूआरटी या मुक्तस्रोत राउटर प्रणालीत या पद्धती उपलब्ध आहेत.

ब्रिज स्वरूपातील वैशिष्ट्ये

सेवादात्याचे उपकरणच पत्त्यांचे भाषांतर करत असेल, तर दुहेरी भाषांतर टाळण्यासाठी घरातील दुसरा राउटर ब्रिज स्वरूपात ठेवला जातो. अशा वेळी पुढील बाबी महत्त्वाच्या ठरतात.

• शेपरची जागा : लिनक्समध्ये ब्रिजवरून पुढे जाणाऱ्या फ्रेम एका पोर्टमधून आत येऊन दुसऱ्या पोर्टमधून बाहेर पडतात, ब्रिजच्या स्वतःच्या इंटरफेसवरील बहिर्गामी रांगेतून त्या जात नाहीत. त्यामुळे त्या इंटरफेसवर लावलेली मर्यादा त्यांना लागू होत नाही. अपलोडसाठी शेपर सेवादात्याकडील पोर्टवर लावावा लागतो.

• डाउनलोड : घराकडे केबल व वाय-फाय अशी अनेक पोर्टे असल्यास प्रत्येकाची रांग वेगळी असते आणि एकत्रित मर्यादा लागू होत नाही. म्हणून सेवादात्याकडील पोर्टवर येणारी पॅकेटे एका आभासी इंटरफेसकडे वळवून तेथे शेपिंग करतात.

• स्विच चिप : सेवादात्याकडून आलेली केबल राउटरच्या लॅन पोर्टमध्ये लावल्यास इतर लॅन पोर्टांकडे जाणाऱ्या फ्रेम अनेकदा स्विच चिपच परस्पर पुढे पाठवते. त्या प्रोसेसरपर्यंत पोहोचत नसल्याने शेपर त्यांना स्पर्श करू शकत नाही. अशा वेळी केबल वॅन पोर्टमध्ये लावून ते पोर्ट ब्रिजमध्ये सामील करणे हा सोपा उपाय आहे. फ्रेमना बगल देऊन नेणारी हार्डवेअर-प्रवेग सुविधाही बंद ठेवावी लागते.

• आडवाट : सेवादात्याच्या उपकरणाच्या वाय-फायला थेट जोडलेले फोन ब्रिजमधून जात नाहीत. एकही जड वापराचे उपकरण या आडवाटेने गेल्यास रांग पुन्हा मॉडेममध्ये साचते.

• पत्त्यांची दृश्यता : ब्रिज पत्ते बदलणाऱ्या उपकरणाच्या घराकडील बाजूस असल्यास प्रत्येक यंत्राचा पत्ता शेपरला दिसतो आणि यंत्रनिहाय समान वाटप करता येते. तो पलीकडच्या बाजूस असल्यास आयपीव्ही४ वाहतुकीत सारे घर एकाच पत्त्याचे दिसते. तेव्हा प्रवाहनिहाय वाटपच शक्य होते.

वेगमर्यादा ठरवणे

प्रथम जोडणीचा प्रत्यक्ष वेग मोजून सुमारे ८५ ते ९५ टक्के मूल्यापासून सुरुवात करतात. त्यानंतर मोठे अपलोड चालू असताना पिंगचा विलंब पाहतात. तो निष्क्रिय अवस्थेतील विलंबाच्या जवळ राहिल्यास मर्यादा योग्य मानतात. वाढल्यास ती आणखी कमी करतात. एटीएमवर आधारित एडीएसएल जोडणीत ५३ बाइटांच्या प्रत्येक सेलमध्ये ४८ बाइटच उपयुक्त असतात, त्यामुळे हा वाढीव भार शेपरच्या गणितात धरावा लागतो.

मर्यादा

डाउनलोडवरील नियंत्रण अप्रत्यक्ष असते. पॅकेट ब्रिजपर्यंत येते तेव्हा त्याने जोडणीचा वेग वापरलेलाच असतो. शेपर केवळ पाठवणाऱ्याला मंदावण्याची खूण देतो. ती खूण न जुमानणाऱ्या प्रवाहांपुढे तो निष्प्रभ ठरतो. वेग सतत बदलणाऱ्या मोबाइल जोडणीत स्थिर मर्यादा अपुरी पडते. कमकुवत प्रोसेसर उच्च वेगाला शेपिंग पेलू शकत नाही. वाय-फायचा दुवाच सर्वांत मंद असेल, तर रांग तेथे साचते आणि सेवादात्याकडील पोर्टवरील शेपरचा उपयोग होत नाही.

शेपिंगमुळे जोडणीचा एकूण वेग वाढत नाही. उलट त्याचा लहानसा हिस्सा सोडून द्यावा लागतो. त्या मोबदल्यात घरातील एकाच्या जड वापरामुळे दुसऱ्याचे संभाषण, वर्ग किंवा दूरस्थ काम अडत नाही.