जुन्या गेमचा आवाज परत आणा

नांदेड-लातूरच्या सायबर कॅफेंत वाढलेल्या मंडळींनो, नव्या लॅपटॉपवर 1993 चा 'डूम' मुका झाला, तर स्पीकरला दोष देऊ नका. डॉसचे गेम थेट साउंड ब्लास्टर कार्डाशी बोलायचे आणि ते कार्डच आता नसतं. डॉसबॉक्स हे सॉफ्टवेअर त्याची नक्कल करतं. गेमची सेटअप फाइल त्यातच चालवा, साउंड ब्लास्टर निवडा, आकडे भरा: पोर्ट 220, आयआरक्यू 7, डीएमए 1. आयआरक्यू चुकला की आवाज येतच नाही, बहुतेकजण इथेच अडकतात! आवाज तुटत असेल तर कंट्रोल-एफ12 दाबून सायकल्स वाढवून बघा. लॅपटॉपच दमत असेल तर कंट्रोल-एफ11 ने कमी करा.

एक्सपीच्या काळातल्या गेमचं दुखणं वेगळं. व्हिस्टापासून विंडोजने डायरेक्टसाउंडची हार्डवेअर साथ काढली, त्यामुळे त्यांतला घुमणारा थ्रीडी आवाज गेला. तो परत आणायला डीएसओएएल या सॉफ्टवेअरच्या मोफत डीएलएल फाइली गेमच्या फोल्डरमध्ये टाका. हेडफोन लावूनच ऐका.